कोकरांचा निळा रंग

काळ्या मेंढ्या मोजायची मला त्या वसंतात खोडच लागली होती. आमच्याकडं शंभर पांढऱ्यांमागं एक काळी ठेवतात. काळ्या पुऱ्या भरल्या की कळप पुरा आहे असं धरायचं, सगळी डोकी मोजत बसायचं नाही. भांडी घासता घासता खिडकीतनं मोजायचे, पिकअप चालवता चालवता मोजायचे, कॉफीचा कप तोंडाला लावला की कपावरनं नजर पुन्हा टेकाडाकडं. मरत होती ती कोकरं, मेंढ्या नव्हेत, हे काय मला कळत नव्हतं? काळ्या मोजून कोकरांचा पत्ता थोडाच लागतो! पण एका जागी बसवतच नव्हतं, आणि मोजलं की तेवढ्यापुरतं काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

त्या सकाळी काळ्या पुऱ्या होत्या आणि एक मेंढी गळा काढून ओरडत होती.

जुळी झालेली मेंढी. तिच्या कुशीवर मी आदल्याच दिवशी निळा आकडा रंगवला होता, आणि तोच आकडा तिच्या दोन्ही पोरांवर. पावसापाण्यात चुकामूक झाली तरी कोण कुणाचं ते कळावं, म्हणून आम्ही जुळ्यांना असे आकडे घालतो. हवा अशी सर्द होती की रंग वाळायचं नावच घेत नव्हता. माझे स्वतःचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. आता तिच्या थानाला एकच पोर लागलेलं, आणि दुसऱ्या बाजूला दूध भरून तड लागलेली.

दुसरं मला घळीच्या तोंडाशी सापडलं. गळ्याशी दातांची भोकं, पोट फाडून काळीज तेवढं खाल्लेलं, बाकी सगळं टाकून दिलेलं. कायोटीचंच काम, कोल्ह्याहून मोठ्या आणि लांडग्याहून लहान अशा त्या चोराचं. बरंच लांब फरफटत नेलं होतं, कारण आकडा पार फिसकटला होता आणि वाटेतल्या सुक्या गवतालाही निळं लागलं होतं. मी तिथंच उभी राहून त्या घळीला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या. आमच्या आईनं समुद्रापलीकडच्या मुलखातनं आणलेल्या बास्क भाषेतल्या, सात पिढ्यांना पुरतील अशा. मग तणतणत बेनातकडं गेले.

बेनात माझा थोरला भाऊ. माझा नवरा गेल्यापासून कळप मी बघते, आणि कायोटी धरायचं काम या अख्ख्या खोऱ्यात बेनातचं. सापळे, बंदूक, बिळं शोधणं, सगळं. घरात येऊन राहा म्हटलं तर ऐकत नाही. ओढ्याकाठी त्याची मेंढपाळी गाडी उभी असते, चाकांवरची खोली, वर ताडपत्री, आत चूल आणि पलंग. तिथंच तो आणि त्याची कुत्री.

"आलीस?" दार उघडायच्या आधीच तो आतनं म्हणाला. "पाय आपटत येतेस तेव्हा ओढ्यापलीकडनंच कळतं."

"आणखी एक गेलं. जुळ्यातलं."

"कुठं?"

"घळीच्या तोंडाशी. काळीज खाऊन बाकी टाकलंय मेल्यानं."

"नर असणार. बिळात पिल्लं आहेत, मादी बाहेर फारशी पडत नाही. येईल सापळ्यात आज ना उद्या."

"आज ना उद्या, आज ना उद्या! तुझं आज-उद्या होईतो माझ्याकडं नुसत्या ओरडणाऱ्या मेंढ्या उरतील."

"हळू बोल. पिपर घाबरते."

"ती? ती कायोटींना घाबरत नाही, मला काय घाबरणार!"

पिपर पलंगाखालनं माझ्याकडं बघत होती. तांबूस-करडी, हडकुळी, अर्धा कान नसलेली. कायोटीच्या रंगाची आणि जवळजवळ कायोटीच्याच अंगाची. शेपूट तेवढी काटकुळी. तिचं काम वसंतातलं. कायोटींना बिळाच्या आसपास परकं कुत्रं खपत नाही. पिपर त्यांच्या हद्दीत शिरते, नर-मादी चवताळून मागं लागतात, आणि ही जी पळत सुटते ती थेट बेनातच्या पायाशी. त्यांचं सगळं ध्यान कुत्रीवर. माणूस दिसेतो बंदूक खांद्याला लागलेली असते. अशी कुत्री शिकवून होत नाही, लाखात एखादी तशीच निपजते, असं बेनात कुणालाही धरून सांगायचा.

आम्ही सापळे बघायला गेलो. तो पुढं, मी मागं. लहानपणापासून हे असंच. बर्फात शाळेला जाताना मी त्याच्या कोटाचं टोक धरून चालायचे आणि तो मागं वळून न बघता विचारायचा, "आहेस ना?" आता कोट धरायचं वय राहिलं नाही, पण पुढं कुणी चाललेलं त्याला आजही चालत नाही. फक्त आताशा तो पाय टाकायच्या आधी किंचित थांबायचा, पाण्यात उतरताना थांबतात तसा.

पहिल्याच सापळ्याशी मी कपाळाला हात लावला. कायोटीनं चारी बाजूंनी माती उकरून सापळा उलटा केला होता आणि वर बसून हागून ठेवलं होतं. हे ते मुद्दाम करतात की काय देव जाणे, पण बघणाऱ्याला टोमणा मारल्यासारखंच वाटतं.

बेनात गुडघ्यावर बसला. बोटांनी चाचपत त्यानं सापळा सरळ केला, जबडे उघडले, चाळणीनं वर माती पेरली, सेजच्या झुडपाच्या फांदीनं ती सारखी केली, आणि काठीच्या टोकानं आपला तो घाण वासाचा लेप बाजूच्या भोकात लावला. त्याच्या बोटांना सगळं येत होतं. उठला आणि हात झटकत म्हणाला, "झालं. आता सापडू दे भडव्याला."

साखळीच्या चार कड्या मातीबाहेर लखलखत होत्या.

मी गप्प राहायचं ठरवलं. पण गप्प राहणं माझ्या नशिबातच नाही. "बेनात, साखळी उघडी आहे."

"कुठं?"

"ही काय, पायापाशी. कालही अशीच राहिली असणार. म्हणून उकरलं त्यानं."

"वाऱ्यानं उघडी पडली असेल."

"काल वारा होता कुठं? आणि हे आत्ताचं? हेही वाऱ्यानंच?"

त्यानं हातमोजे काढून माझ्या अंगावर फेकले. "तूच लाव मग सापळे! मी तुझ्या मेंढ्यांना आकडे घालतो. जा!" आणि ताडताड निघाला. दहा पावलांवरच एका झुडपात अडखळला. मग झुडपाला शिव्या.

मला सगळं कळत होतं हो. महिन्यापूर्वी त्यानं पिकअप कुंपणाच्या खांबावर घातली आणि खांब तिरका आहे म्हणाला. समोर खुंटीवर टांगलेली टोपी शोधत बसायचा. मी सगळं बघून न बघितल्यासारखं करत होते, कारण बोलले तर खरं होईल अशी भीती वाटायची. आणि इकडं रोज एक मेंढी ओरडत उभी.

दुपारी मी वाडग्यात उरलेल्या जुळ्यांना आकडे घालत होते तर डेल्मर आला. शेजारच्या कुरणाचा मालक, आमच्या मेंढीवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण बोलताना टोपी काढून हातात फिरवायला लागला की समजायचं, काहीतरी कडू पाजणार.

टोपी फिरायला लागली.

"शनिवारी विमान येतंय, मायते. वरनं बंदुकीनं कायोटी टिपतील. तुझी घळ आणि माझं कुरण, दोन्ही. बेनातला तूच सांगितलेलं बरं."

"काय सांगू?"

"की आता बास झालं. भरपूर केलं त्यानं. आता बसावं चुलीपाशी."

"पिपरला घेऊन एकदा गेला की नर-मादी दोन्ही आणील तो. विमानाला घळीत काय दिसणार आहे?"

डेल्मर माझ्याकडं विचित्र नजरेनं बघायला लागला. "पिपरच्या कानाचं काय झालं, सांगितलं का त्यानं तुला?"

"तारेत अडकून फाटला. गेल्या वसंतात. तुझ्याच कुरणात."

"तार कसली? मी शेजारी उभा होतो, मायते. कुत्री पुढं, कायोटी मागं, आणि ह्यानं गोळी झाडली ती कुत्रीवर. बोटभर खाली लागली असती तर संपलंच होतं. नंतर तिला मांडीवर घेऊन पिकअपमध्ये रडत बसला होता. मी कुणाला बोललो नाही आजवर. आज तुला सांगतोय."

तो गेला. मी हातातल्या कोकरावर आकडा घातला आणि मग बघते तर भलताच आकडा. पुसायला गेले तर सगळं कोकरू निळं. आई त्याला हुंगून मागं सरली. मी त्या कोकराला पोटाशी धरून वाडग्यातच बसले आणि मला रडू आलं. कुणासाठी, ते माझं मलाच नीटसं सांगता आलं नसतं.

संध्याकाळी घेवड्याची आमटी आणि भाकर घेऊन गाडीवर गेले. त्याला जेवू घातलं, आणि तो वाटी पुसत असताना सरळच म्हटलं, "डेल्मरनं कानाचं सांगितलं."

त्याचा हात थांबला. "डेल्मरचं तोंड शिवून टाकायला पाहिजे."

"दिसत नाही ना तुला?"

"दिसतं."

"किती बोटं आहेत सांग."

"मायते, मी तुझ्या थोबाडीत मारीन. तेवढं नक्की दिसतं."

"शनिवारी विमान येतंय."

त्यानं वाटी खाली ठेवली. पिपर उठून त्याच्या पायाला टेकून बसली.

"मग मी उद्या पहाटेच जातो घळीत," तो म्हणाला. "विमानाच्या आधी."

"बंदूक मला दे. मी येते, मी मारते. नेम वाईट नाही माझा."

"आणि पिपर कुणाकडं येणार? ती माझ्या पायाशी येते. आणि बंदूकही माझ्याच खांद्याला बघायची सवय तिला. बंदूक तुझ्या खांद्याला दिसली की ती बावचळेल, मधेच वळेल, आणि ते तिला फाडतील. ही काय चेंडू आणणारी कुत्री आहे, आज ह्याला आण, उद्या त्याला आण?"

"आणि तूच तिला मारलीस तर?"

त्यानं चुलीत एक लाकूड सारलं.

"मारली तर तुझ्या घरात माझी खाट टाक. खिडकीशी नको, कोपऱ्यात. मग मी कुठं जायचं म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण पहाटे गेलोच नाही तर ती खाट आजच टाकावी लागेल. कळतंय का तुला?"

कळत होतं. म्हणून तर जीव नुसता वर-खाली होत होता. घरी आले, बसले, उठले, दोनदा दार उघडून मिटलं. कोकरांचं मला सोसलं असतं. त्या कुत्रीचं नव्हतं सोसणार, कारण तिच्याबरोबर तोही जाणार होता, जिवंतपणी. मग एकाएकी सुचलं आणि मी धावतच शेडमध्ये गेले.

लाल रंगाचा डबा उचलला आणि ठेवून दिला. लाल आणि तांबूस लांबनं सारखंच दिसणार. निळा उचलला. आमच्या मुलखात जमिनीवर निळं असं काही नसतंच. गवत पिवळं, सेजची झुडपं राखाडी, माती करडी, कायोटी त्याच सगळ्याच्या रंगाचा. निळं काय ते आभाळ. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूष झाले की डबा घेऊन ओढ्यापर्यंत पळाले.

पिपरला दोन गुडघ्यांत दाबून मी तिच्या मानेवर, छातीवर, दोन्ही कुशींवर तळहाताएवढे रुंद पट्टे ओढले. ती अशी बघत होती की जणू मी तिची सोयरीक मोडली.

"हे काय चालवलंयस!" बेनात गाडीतनं खाली उतरला. "सर्कशीतलं माकड आहे का ती? या खोऱ्यात मला तोंड दाखवायला जागा ठेवशील का नाही?"

"तुझं तोंड बघायला कोण येणार आहे पहाटे घळीत? जी निळी ती पिपर. जी निळी नाही तिला मार. इतकं सोपं आहे."

"काढ ते आधी."

"निघत नाही. लोकर कातरेपर्यंत टिकतो हा रंग."

त्यानं आणखी चारदोन शिव्या हासडल्या. मग थांबला. डोळे बारीक केले. पिपर माझ्या हातनं सुटून लांब गवतात जाऊन अंग घासत होती, संध्याकाळचा उजेड तिच्यावर पडला होता.

"हे मात्र दिसतं गं," तो अगदी हळू म्हणाला.

एवढ्या दिवसांत त्यानं पहिल्यांदा कबूल केलं होतं. मी डब्याचं झाकण लावत राहिले. तोंड वर करायचा धीर होईना.

पहाटे निघालो तेव्हा फटफटलंही नव्हतं. पिपरनं अख्खी रात्र गाडीखाली लोळून काढली होती. रंगाचा वास तिला साहवत नव्हता. वाटेत ओहोळापाशी ती अंधारात गायब झाली, नुसतं चुबुक चुबुक ऐकू येत होतं, आणि बेनातला शीळ घालून तिला बोलवावं लागलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं लक्ष सगळं बेनातच्या पावलांकडं.

घळीच्या अलीकडं एका खडकाला पाठ लावून तो उभा राहिला. वारा तोंडावर. मी त्याच्या डाव्या बाजूला, जरा मागं, झुडपात बसले दुर्बीण घेऊन. ठरलेलं होतं, मी आवाज करायचा नाही, हलायचं नाही. माणसाचा आवाज आला की कायोटी जागेवर वळतात आणि मग पुन्हा त्या कुत्रीला भुलत नाहीत.

त्यानं ओंजळीचा कर्णा केला आणि आरोळी दिली. परक्या कायोटीची, हद्दीत शिरलेल्याची. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनीही येतो. पलीकडनं आधी काहीच नाही. मग एक तुटक भुंकणं, आणि त्यापाठोपाठ दुसरं, बारीक, संतापलेलं.

"दोघं," तो पुटपुटला. "जा, पिपर."

ती गेली. झुडपांत नुसती हलणारी टोकं दिसत होती. मग तीही दिसेनात. मी दुर्बीण इकडनं तिकडं, तिकडनं इकडं फिरवत होते. उजेड वाढत होता. मागं माझ्या मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या आणि सवयीनं माझ्या मनात काळ्या मोजणं चालू झालं. गप्प बस, मी स्वतःलाच म्हटलं, गप्प बस.

पलीकडं एकदम कल्लोळ उठला, आणि घळीच्या तोंडातनं धूळ आली.

पुढं एक, त्याच्या शेपटाला लागून दुसरा, आणि बरीच मागं तिसरी. दुसऱ्याची छाती आणि गळा निळाशार. आली, आली माझी बाई, मला हायसं वाटलं. निळी आली. म्हणजे पुढचा कायोटी.

पुढचा कायोटी? मग कुत्री कायोटीच्या मागं कशी?

मी दुर्बीण घट्ट धरली. पुढचं जनावर चिखलानं लडबडलेलं होतं, नाकापासनं शेपटापर्यंत, राखाडी, वाळत आलेला चिखल. एकच कान वर. शेपूट काटकुळी, पोटात घातलेली. आणि मागच्या निळ्याची शेपूट झुपकेदार, टोकाला काळी.

काल सकाळचं कोकरू. गवताला लागलेला रंग. या नरानं ते ओल्या रंगाचं कोकरू तोंडात धरून छातीशी घासत घळीपर्यंत नेलं होतं. मी माझ्या हातानं कोकरांना फासलेला, त्याच डब्यातला निळा. आणि पिपरनं ओहोळात लोळून आपला तेवढा झाकून टाकला होता.

बेनातची बंदूक वर आली. नळी पुढच्यावर स्थिरावली. निळी नाही तिला मार, मीच म्हटलं होतं.

"बेनात!" मी ओरडले. "पुढची पिपर! निळ्याला मार!"

त्याची मान हलली नाही. "निळी पिपर आहे."

"नाही! निळा कायोटी आहे! तिला चिखल लागलाय!"

"मला दिसतंय, मायते!"

"तुला दिसत नाही! मला दिसतंय! निळ्याला मार!"

आवाजानं ते वळायला हवे होते. पण नर पिपरच्या इतका जवळ आला होता की त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं एकदा तिच्या ढुंगणाला दात लावले, ती केकाटली, कोलमडली, पुन्हा पळाली. बंदुकीची नळी अजून पुढच्यावर होती. मग ती सावकाश मागं सरकली, त्या निळ्यावर, त्याच्या लेखी जी पिपर होती तिच्यावर. त्याच्या तोंडातनं कुंथल्यासारखा आवाज आला.

बार झाला.

निळा जागच्या जागी कोसळला, एक गिरकी घेऊन पडला आणि उठला नाही.

बेनातनं बंदूक खाली घेतलीच नाही. खांद्याला तशीच लावून तो उभा, डोळे गच्च मिटलेले. "काय मारलं मी?" तो म्हणाला. "मायते, काय मारलं मी?"

मी झुडपातनं उठले. आणि तेवढ्यात ते चिखलाचं गाठोडं झुडपांतनं धडपडत आलं आणि त्याच्या दोन पायांत शिरलं.

तो गुडघ्यांवर बसला. बंदूक मांडीवर पडली. त्यानं डोळे उघडले नाहीत. दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं, मग मान, मग वर चाचपत गेला, एक कान, आणि दुसरा, अर्धा. तो अर्धा कान त्यानं दोन बोटांत धरला आणि धरूनच ठेवला. "तीच आहे," तो म्हणाला. "तीच आहे गं." त्याचे खांदे हलायला लागले. पिपर त्याची दाढी चाटत होती आणि मागच्या पायावर तिच्या रक्ताची धार होती, पण तिला त्याचं काही नव्हतं.

मी जाऊन त्याच्या शेजारी बसले. "चूक माझीच," मी म्हटलं. "दुसरा डबा घ्यायला हवा होता."

"दुसरा डबा!" तो रडता रडता हसला. "अख्ख्या खोऱ्यात तूच एक अशी बाई आहेस, जी लांडग्याला शेळीची झूल घालून कुत्र्याला बिनकपड्याचं धाडेल."

समोरनं भुंकणं आलं. मादी. घळीच्या तोंडाशी थांबली होती. पळून जायला हवी होती, पण गेली नव्हती. थोडी पुढं यायची, पडलेल्या नराकडं बघायची, पुन्हा मागं जायची. तिच्याही जिवाला थारा नव्हता.

"उभी आहे ना?" बेनातनं विचारलं.

"आहे."

"दूध आहे?"

मी दुर्बीण लावली. थानं भरून लोंबत होती. काल सकाळी माझ्या मेंढीची होती तशीच. "आहे," मी म्हटलं, आणि मला वाईट वाटलं. कोकरांचं जितकं वाटलं होतं तितकंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यानं मांडीवरची बंदूक उचलली, दस्ता पुढं करून माझ्याकडं दिली. बापानं दिली तेव्हापासून ती बंदूक त्यानं कुणाच्या हातात दिली नव्हती. "तू मार," तो म्हणाला. "सोडलीस तर ती पिल्लं जगवायला उद्यापासून दोघांच्या वाटची कोकरं मारील. नेम छातीच्या जरा मागं धर. घाई करू नकोस."

मी घाई केली नाही. एकाच गोळीत झालं.

आवाज विरल्यावर घंटा पुन्हा ऐकू यायला लागल्या. बेनातनं पिपरच्या जखमेला रुमाल बांधला आणि काठीवर जोर देऊन उठला. "आता बीळ शोधायला हवं. पिल्लं उपाशी मरायला ठेवायची नसतात. ते काम वाईट आहे, पण आपलंच आहे." आणि सवयीनं घळीकडं दोन पावलं टाकली.

तिथं तो थांबला. डावीकडं मान केली, उजवीकडं केली. मी वाट बघत होते, आता झुडपाला शिव्या देईल, वाऱ्याला देईल, मला देईल.

"तू पुढं हो, मायते," तो म्हणाला.

मी पुढं झाले. बंदूक खांद्याला, वाट घळीच्या कडेनं उतरती, दगडगोट्यांची. चार पावलं गेले असेन तर माझ्या कोटाला मागनं ओढ बसली. मी मागं वळून बघितलं नाही.

"आहेस ना?" मी विचारलं.

"चाल तू," तो म्हणाला. "आणि समोर काय काय दिसतं ते सांगत राहा."